दुसऱ्याच्या खांद्यावरची बंदूक : कल्पित राष्ट्रांतील सक्तीची लष्करी सेवा आणि नागरी संरक्षण

लेखक जेव्हा एखादे राष्ट्र कल्पनेतून उभे करतो, तेव्हा नकाशा, राजधानी, नाणी आणि लग्नाचे कायदे ठरवून झाल्यावर एक प्रश्न त्याच्यासमोर येतोच. या राष्ट्रावर उद्या कोणी चाल करून आले, तर लढायचे कोणी? खऱ्या देशात या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ कधीच मिळत नाही. तिथे इतिहास आड येतो, तिजोरी आड येते, कोणाचा तरी मुलगा परदेशी शिकायला जातो, कोणाला तरी सोयीचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळते. कल्पित राष्ट्रात असली कोणतीही अडचण नसते. पाटी कोरी असते आणि कायदा एकाच माणसाच्या मर्जीने लिहिला जातो. त्यामुळे त्या कायद्यात ज्याला सूट मिळाली, ती लेखकाने दिलेली असते आणि ज्याला मरायला पाठवले, त्यालाही लेखकानेच पाठवलेले असते. लेखक नागरिक कोणाला म्हणतो, हे त्याच्या राष्ट्रगीतापेक्षा त्याच्या भरतीच्या नियमांवरून अधिक खरेपणाने कळते.

आपल्याकडे दर काही वर्षांनी ‘प्रत्येक तरुणाला दोन वर्षे सैन्यात पाठवलेच पाहिजे’ ही मागणी चहाच्या टपरीपासून वाहिन्यांच्या चर्चांपर्यंत ऐकू येते. मागणी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा खरे सैन्य क्वचितच असते. असते ते एक कल्पित राष्ट्र. शिस्तीचे, स्वच्छ, भेदभाव नसलेले. हे राष्ट्र आधी कोणी कोणी लिहून ठेवले आहे आणि त्यात काय निघाले, हे तपासणे म्हणूनच केवळ वाङ्मयीन हौसेचे काम नाही. या लेखात पाच पुस्तके थोडी सविस्तर आणि एक ओझरते पाहिले आहे. प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारले आहेत. बोलावणे कोणाला येते? ‘नाही’ म्हणता येते का? आणि जो घरी राहतो, त्याचे काय होते?

युटोपिया : सोन्याच्या भांड्यांचा उपयोग

टॉमस मोर याचे ‘युटोपिया’ १५१६ साली लॅटिनमध्ये प्रसिद्ध झाले. आदर्श राष्ट्राला ‘युटोपिया’ म्हणण्याची पद्धत याच पुस्तकापासून पडली. त्यातल्या बेटावर खासगी मालमत्ता नाही, लोक दिवसाला सहा तास काम करतात आणि सोन्याची त्यांना इतकी तुच्छता वाटते की त्याची ते मूत्रपात्रे आणि गुलामांच्या बेड्या करतात. हा तपशील बहुतेक वाचकांना आठवतो. विसरला जातो तो त्याचा पुढचा भाग. हे सोने युटोपियाचे लोक फेकून देत नाहीत. ते साठवतात, आणि साठवतात ते युद्धासाठी.

युद्धाचा त्यांना तिटकारा आहे. तरीही पुरुष आणि स्त्रिया दोघेही ठरलेल्या दिवशी लष्करी सराव करतात. परदेशातल्या लढाईला मात्र मनाविरुद्ध कोणालाही पाठवले जात नाही, कारण भित्रा माणूस स्वतः लढत नाही आणि शेजाऱ्याचेही धैर्य खचवतो, असा त्यांचा हिशेब आहे. जो स्वेच्छेने जाईल त्याच्याबरोबर पत्नीही जाऊ शकते आणि ती रणात त्याच्या शेजारी उभी राहते. मुले आणि नातलगही आसपास ठेवले जातात, म्हणजे ज्याला ज्याची माया त्याने त्याच्यासाठी लढावे. आक्रमण स्वतःच्या बेटावर झाले, तर मात्र सूट संपते. अंगाने धड असलेल्या भित्र्यांनाही जहाजांवर शूरांच्या मधेमधे बसवले जाते किंवा तटांवर उभे केले जाते, कारण तिथून पळायला जागा नसते. नागरी संरक्षणाची ही योजना निष्ठुर आहे, पण विचारपूर्वक आखलेली आहे.

खरी मेख याच्या आधीच्या पानांत आहे. आपली माणसे शेवटी. त्याआधी मित्रराष्ट्रांची माणसे. ज्यांच्यासाठी युद्ध चालले आहे त्यांची त्याआधी. आणि सर्वांत पुढे झापोलेट नावाचे भाडोत्री डोंगरी लोक. यांना भरमसाट मोबदला कबूल करायचा आणि सर्वांत धोक्याच्या जागी ढकलायचे. त्यांतले किती मेले याची युटोपियाला फिकीर नाही. उलट अशी जमात पृथ्वीवरून नाहीशी झाली तर जगावर उपकारच होतील, असे त्या सज्जन लोकांना वाटते. मूत्रपात्रांचे सोने इथे कामी येते.

याच काळात फ्लोरेन्समध्ये मॅकियाव्हेली भाडोत्री सैन्याविरुद्ध तळमळून लिहीत होता. १५०६ साली त्याने नागरिकांची पलटण उभारून घेतली, आणि १५१२ साली प्राटो येथे तिची दाणादाण उडाली. मोरने उलटा रस्ता धरला. तो उपरोधाने धरला की गंभीरपणे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. माझ्या मते पुस्तकाची ताकद त्या संदिग्धतेतच आहे. समता मानणारे, कष्ट वाटून घेणारे राष्ट्र मरण मात्र वाटून घेत नाही. ते दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवते, आणि तो दुसरा माणसांत धरलेलाच नाही. शांतताप्रिय म्हणवणाऱ्या कोणत्याही समाजाला ही पाने टोचायला हवीत.

बेलामीची सेना : शत्रू गेला, हजेरी राहिली

एडवर्ड बेलामी याच्या ‘लुकिंग बॅकवर्ड’ (१८८८) या कादंबरीतला बॉस्टनचा एक तरुण १८८७ साली झोपतो आणि २००० साली जागा होतो. दरम्यान अमेरिका बदललेली असते. युद्धे संपली आहेत, फौज उरलेली नाही, आणि तरीही प्रत्येक जण फौजेत आहे. देशाचे सगळे उद्योग राष्ट्राच्या मालकीचे झाल्यावर सक्तीच्या लष्करी सेवेचे तत्त्व मजुरीला लावण्यात आले. वयाच्या २१ पासून ४५ पर्यंत ‘औद्योगिक सेनेत’ नोकरी, त्यांतली पहिली तीन वर्षे पडेल ते काम. मोबदला सर्वांना सारखा. आजारी आणि अपंगांनाही तेवढाच वाटा. स्त्रियांची सेना वेगळी, तिची सेनापती स्त्रीच.

बेलामीचा हेतू उदार होता, यात शंका नाही. कारखान्यातल्या मजुराला सैनिकाची प्रतिष्ठा मिळावी, देशाने सैनिकाची काळजी घ्यावी तशी त्याची घ्यावी, ही त्याची कळकळ. पण दुसरा प्रश्न विचारला की पुस्तकाचा चेहरा बदलतो. काम करण्याची ताकद असूनही जो सतत नकार देतो, त्याचे काय? उत्तर एका वाक्यात उरकलेले आहे. कबूल होईपर्यंत त्याला एकांत कोठडी आणि भाकरी-पाणी. पुढे १९१० साली विल्यम जेम्स या तत्त्वज्ञानेही, तरुणांची फौज युद्धाऐवजी निसर्गाशी झुंजायला धाडावी, असे सुचवले. विचार मोहक आहे. बेलामीच्या त्या एका वाक्याने मात्र दाखवून दिले आहे की शत्रू काढून टाकला तरी कवायत, हजेरी आणि कोठडी यांना काम मिळतच राहते.

हाइनलाइन : मताची किंमत

या विषयावर सर्वाधिक वाद झालेले पुस्तक म्हणजे रॉबर्ट हाइनलाइन यांची ‘स्टारशिप ट्रूपर्स’ (१९५९). तिला १९६० सालचा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून तिच्यावरचे भांडण थांबलेले नाही. तिच्याबद्दल बोलणारे पुष्कळ जण, त्यात सैन्याच्या सक्तीची मागणी आहे, असे गृहीत धरतात. तशी ती नाही. तिच्यातल्या पृथ्वी-संघराज्यात सेवा ऐच्छिक आहे, आणि हाइनलाइन स्वतः सक्तीच्या भरतीचे विरोधक होते. भरतीच्या कचेरीत दोन्ही पाय आणि एक हात गमावलेला सार्जंट मुद्दाम बसवला आहे, म्हणजे उमेदवाराने विचार करून परत जावे. दारातूनही परत जाता येते, सेवेच्या मध्यातूनही जवळजवळ केव्हाही सोडता येते. फक्त एक अट आहे. किमान दोन वर्षांची सेवा पुरी केल्याशिवाय मताधिकार नाही, आणि एकदा सोडून गेलात तर तो आयुष्यात पुन्हा मिळायचा नाही.

युक्तिवाद असा : मत देणे म्हणजे इतरांवर बळ वापरण्याचा अधिकार गाजवणे. तो अधिकार त्यालाच असावा, ज्याने समाजाचे हित स्वतःच्या जिवापेक्षा मोठे मानून दाखवले आहे. हाइनलाइन हे १९२९ साली अमेरिकी नौदल अकादमीतून बाहेर पडले आणि क्षयामुळे १९३४ साली त्यांना नौदल सोडावे लागले. इच्छा असून सेवा हुकलेल्या माणसाची ओढ या कादंबरीत जागोजाग जाणवते, आणि तिच्यामुळेच प्रशिक्षणाची प्रकरणे आजही एका बैठकीत वाचून होतात. कथानायक जॉनी रिको हा फिलिपिनो आहे. हे पुस्तकात शेवटी शेवटी, सहज सांगितल्यासारखे येते. वर्णाची अट नसलेले सैन्य १९५९ साली लिहिणे ही लहान गोष्ट नव्हती.

तरीही कादंबरीचा पाया कच्चा आहे, आणि तो तिसऱ्या प्रश्नापाशी उघडा पडतो. ब्युनोस आयर्स शहर शत्रूच्या हल्ल्यात नष्ट होते. रिकोची आई तेव्हा तिथे गेलेली असते. हे त्याला कळते पत्रातून. त्या शहरात भोंगा वाजला का, आसरे होते का, माणसे बाहेर काढायला कोण धावले, यावर पुस्तकात जवळजवळ काही नाही. ज्या राज्यात बहुसंख्य लोकांना मत नाही, त्या लोकांच्या शहराचे रक्षण कसे होते, हे सांगावेसे लेखकाला वाटलेच नाही. नागरिकत्व मिळवलेले लोक दूरच्या ग्रहांवर लढतात आणि ज्यांना मत नाही ते घरी मरतात. रिकोचा बाप सुरुवातीला सेवेची टवाळी करतो. बायको गेल्यावर तोही सैन्यात दाखल होतो. मतपरिवर्तन नाट्यमय आहे, पण घरी राहून त्याला काहीच करता आले नसते, हे त्यातून गृहीत धरले जाते. पुढे १९८० साली हाइनलाइन यांनी, या सेवेतला बराच मोठा भाग मुलकी होता, असा खुलासा केला. कादंबरीची पाने मात्र त्या खुलाशाला साथ देत नाहीत. पॉल व्हर्होव्हन यांनी १९९७ साली चित्रपट काढताना हे राज्य सरळ उपहासाचा विषय केले. जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये बालपण काढलेल्या दिग्दर्शकाला चकचकीत गणवेश निराळे दिसले, हे समजण्यासारखे आहे.

मराठी वाचकाकडे या युक्तिवादाला आणखी एक उत्तर आहे, आणि ते पुस्तकी नाही. सेवा केली की नागरिकत्व मिळते, हे सूत्र या मातीत पूर्वीच तपासले गेले आहे. महार समाजातील माणसांनी कंपनी सरकारच्या पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यासाठी भरतीचे दार बंद झाले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ महार ही पलटण उभी राहिली, आणि गरज सरल्यावर ती मोडण्यात आली. महार रेजिमेंट स्थापन व्हायला १९४१ साल उजाडावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुभेदार रामजी सकपाळांचे पुत्र. सेवेने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे त्यांनी घरातच पाहिले होते. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली, तिला सेवेची अट जोडलेली नव्हती. सेवेच्या बदल्यात हक्क देऊ करणारा, सेवेला पात्र कोण हे ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवतो. हाइनलाइनच्या संघराज्यात ही शक्यता कोणाला सुचत नाही, कारण तिथला कारभार भला आहे असे लेखकाने आधीच ठरवून टाकले आहे.

हॉल्डमन : परत यायला घरच नाही

जो हॉल्डमन यांची १९६७ साली सक्तीने भरती झाली आणि त्यांना व्हिएतनामला पाठवण्यात आले. पदार्थविज्ञान शिकलेला हा तरुण तिथे जखमी झाला. ‘द फॉरेव्हर वॉर’ (१९७४) मध्ये त्यांनी कल्पिलेला भरतीचा कायदा व्हिएतनामच्या नेमका उलट आहे. तिथे कॉलेजात शिकणाऱ्याला सवलत मिळे आणि गरिबाचे पोर जाई. इथे सर्वांत हुशार तरुण-तरुणींनाच उचलले जाते, पन्नास पुरुष आणि पन्नास स्त्रिया. उपरोध उघड आहे. राष्ट्राने वाया घालवायला या वेळी उत्तम माल निवडला.

प्रकाशाच्या जवळपास वेगाने प्रवास केल्यामुळे सैनिकाची काही वर्षे आणि पृथ्वीची कित्येक दशके एकाच वेळी सरतात. नायक मँडेला परततो तेव्हा तरुणच असतो, आई म्हातारी झालेली असते. वयामुळे तिला सरकारी वैद्यकीय मदत नाकारली जाते. ज्या माणसांच्या रक्षणासाठी म्हणून त्याला नेले, त्यांचे रक्षण करायला राष्ट्र तयार नाही. मोहिमा, शस्त्रे आणि दूरचे तळ यांना पैसा आहे, म्हाताऱ्या आईच्या औषधाला नाही. शेवटी मँडेला पुन्हा सैन्यात जातो. शौर्याची ओढ नाही, सक्तीही नाही. ओळखीची अशी एवढीच जागा उरली, म्हणून जातो. ११४३ वर्षे चाललेले युद्ध गैरसमजातून सुरू झाले होते, हे अखेरीस कळते.

कादंबरीत उणिवा आहेत. बदललेल्या समाजाची, विशेषतः समलैंगिकतेची चित्रे तिच्या काळाच्या मर्यादेत अडकली आहेत. पण तिन्ही प्रश्नांना तिने टाळाटाळ न करता उत्तरे दिली आहेत, म्हणून सैनिकाच्या बाजूने लिहिलेले हे पुस्तक मला यांत सर्वांत खरे वाटते.

ऑर्वेल आणि ले ग्विन : भोंगा आणि शेजारी

घरी राहणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले खरे पुस्तक ऑर्वेलचे. ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) मधल्या ओशिआनियाचे युद्ध कधी थांबत नाही, पण प्रत्यक्ष लढणारी माणसे थोडी आणि प्रशिक्षित आहेत. बाकी राष्ट्राला रणांगणावर जावे लागत नाही, कारण रणांगणच घरी आणलेले आहे. टंचाई, भिंतीवरचा पडदा, द्वेषाचा सप्ताह, आईबापांवर नजर ठेवणारी पोरे. लंडनवर रॉकेट बाँब पडत असतात. लोकांनी भीत राहावे म्हणून ते आपलेच सरकार टाकत असावे, असा जुलियाला संशय आहे. कादंबरी तो संशय खरा की खोटा ते सांगत नाही, आणि ते न सांगणेच भेदक आहे. नागरी संरक्षणाचा सारा डोलारा विश्वासावर उभा असतो. भोंगा वाजला की तळघरात उतरायचे, तर भोंगा वाजवणाऱ्यावर भरवसा हवा.

हे लिहिणारा माणूस नागरी संरक्षणाचा शत्रू नव्हता, हे लक्षात घ्यावे. १९४० ते १९४३ या काळात ऑर्वेल लंडनमध्ये होमगार्डचा सार्जंट होता. सामान्य कामगाराच्या घरात भिंतीवर रायफल असणे ही लोकशाहीची खूण आहे, असे त्याला तेव्हा वाटे. दोन चित्रांमध्ये दहा वर्षांचेही अंतर नाही. एका घरात राज्याने नागरिकावर विश्वासून दिलेली बंदूक आहे, दुसऱ्यात नागरिकावर अविश्वासाने लावलेला पडदा. नागरी संरक्षणाची कोणतीही योजना या दोन भिंतींपैकी कोणत्या भिंतीकडे झुकते, एवढे पाहिले तरी तिची परीक्षा होते.

अर्सुला ले ग्विन यांच्या ‘द डिस्पझेस्ट’ (१९७४) मधल्या अनारेस या चंद्रावर सैन्य नाही, कायदा नाही, सक्तीही नाही. कामाची नेमणूक येते, ती नाकारता येते. पण दुष्काळ पडतो तेव्हा कोणी नाकारत नाही, आणि शेवेक व त्याची जोडीदार ताक्वेर चार वर्षे एकमेकांपासून दूर राहतात. बेड्या नसताना माणसाला कोणी बांधले? शेजारी काय म्हणतील या भीतीने. बेलामीला कोठडी लागली, अनारेसला नुसती नजर पुरते. गावात राहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्या घटनेतले एक कलम

स्वतंत्र भारताने सैन्यात सक्तीची भरती कधी केली नाही. पण दार कायमचे बंदही केले नाही. वेठबिगारीला बंदी घालणाऱ्या कलम २३ च्या दुसऱ्या खंडात, सार्वजनिक कामासाठी राज्याला सक्तीची सेवा लादता येईल, असे म्हटले आहे. त्यालाच अट जोडली आहे : ती लादताना केवळ धर्म, वंश, जात वा वर्ग या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. कलम १५ मधील यादीत असलेला ‘लिंग’ हा शब्द इथे नाही, आणि इथला ‘वर्ग’ तिथे नाही. म्हणजे घटनाकारांनी मोरचा झापोलेट आणि व्हिएतनामचे गरीब पोर यांची वाट आधीच अडवून ठेवली आहे. स्त्रियांचा प्रश्न मात्र त्यांनी पुढच्यांवर सोडला.

याच्या जवळ जाणारे प्रयोग आपण केले आहेत. १९६२ च्या युद्धानंतर १९६३ साली कॉलेजांत एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. होमगार्डची सुरुवात १९४६ साली मुंबई प्रांतातच झाली. नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ चा, आणि तो स्वयंसेवकांवर उभा आहे. ७ मे २०२५ रोजी देशभर भोंगे वाजवून सराव घेण्यात आला, तेव्हा १९७१ चे ब्लॅकआउट आठवणाऱ्या पिढीने काचांना कागद लावण्याच्या आठवणी सांगितल्या, आणि त्यानंतर जन्मलेल्या बहुतेकांना आपल्या वस्तीसाठी आसरा कुठे आहे, हा प्रश्न पहिल्यांदा पडला. सक्तीच्या सैन्याची चर्चा आपल्याकडे जितकी जोरात होते, तितकी या आसऱ्याची कधी होत नाही. हाइनलाइनच्या कादंबरीत राहून गेलेली गोष्ट आपल्या बोलण्यातही राहून जाते.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘प्रत्येकाला दोन वर्षे सैन्यात’ म्हणाले, तर त्याच्याशी देशभक्तीवर वाद घालण्याचे कारण नाही. त्याने कल्पिलेल्या राष्ट्राविषयी ते तीन प्रश्न विचारावेत. मंत्र्याच्या मुलाला आणि ऊसतोड कामगाराच्या मुलाला एकाच दिवशी, एकाच बराकीत बोलावणे येईल का? ज्याची सद्सद्विवेकबुद्धी शस्त्र उचलू देत नाही, त्याला कोठडी मिळेल की दुसरे काम? आणि ती दोन वर्षे त्या मुलाच्या म्हाताऱ्या आईच्या औषधाची जबाबदारी कोणाची? या प्रश्नांची उत्तरे ज्याच्याजवळ आहेत, त्याची योजना जरूर ऐकावी. ज्याच्याजवळ नाहीत, त्याने अजून राष्ट्र कल्पिलेलेच नाही, फक्त गणवेश कल्पिला आहे.